कै. प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी : चरित्रस्मरण

वार्षिक स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. यंदा हे काम तिवसा येथील आम्हां मंडळींकडे आले. वऱ्हाडात गौड सारस्वतांची घरे थोडी. तिवशासारख्या गावी तर ती हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. नोकरीच्या अगर व्यापाराच्या निमित्ताने कोणी अमरावतीस आले, कोणी अकोल्यास स्थायिक झाले, आणि समुद्र शेकडो कोस दूर राहिला. परंतु या थोड्या घरांतूनही आज एक गोष्ट सर्रास दिसते. बहुतेक घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत असते, आणि त्यांपैकी काहींना ते शिकविण्याचीही इच्छा असते. या मुलामुलींसमोर ठेवावे असे नाव कोणते, याचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव उभे राहिले. ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या हयातीत संगणकशास्त्राचे अध्यासन आपल्या देशात नव्हते, आणि ते शास्त्रही बाल्यावस्थेतच होते. तथापि त्या शास्त्रात आज नित्य उपयोगात येणारी एक गणिती पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि विद्युत्‌गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी या देशातून परदेशी गेलेल्या अगदी पहिल्या विद्वानांत त्यांची गणना करावी लागते.

लेखणी हाती घेताच एक अडचण पुढे आली, ती वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. जातिसंस्थेची उत्पत्ती व वाढ यांची जितकी निर्दय चिकित्सा प्रा. कोसंबी यांनी केली, तितकी आपल्या ज्ञातीतील क्वचितच कोणी केली असेल. मागासलेल्या उत्पादनव्यवस्थेत वर्ग जे रूप धारण करतो ते जात होय, असे त्यांचे मत होते. त्या व्यवस्थेबरोबरच जातीही लयास जावी, अशी त्यांची अपेक्षा होती. अशा पुरुषास आपल्या ज्ञातीचे भूषण म्हणून मिरविण्याचा अधिकार ज्ञातिसंस्थेस पोहोचतो काय? आमच्या मंडळींत यावर बरीच चर्चा झाली. एका वयोवृद्ध गृहस्थांचे म्हणणे असे पडले की, ज्यांना आपले नाव या पुस्तकात आलेले रुचले नसते त्यांचे चरित्र छापू नये. आम्ही छापीत आहो. मात्र त्यांची मते पुसट करून छापावयाची नाहीत, एवढे पथ्य आम्ही पाळले आहे.

दामोदरपंतांचे चरित्र त्यांच्या वडिलांपासून सुरू करावे लागते. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म गोव्यात साखवाळ येथे १८७६ साली झाला. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. नारळाच्या बागायतीची देखरेख करीत असताना बुद्धचरित्राविषयीचा मजकूर वाचनात आला आणि त्यांच्या मनाने ठाव सोडला. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. सिंहलद्वीपात त्यांनी भिक्षुदीक्षा घेतली व पाली भाषेत असामान्य प्रावीण्य मिळविले. सुमारे सात वर्षांनी ते परतले. या सात वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले असेल, याची नोंद चरित्रग्रंथांत फारशी आढळत नाही. आम्हांस वाटते, ज्ञानासाठी गृहत्याग करणाऱ्या पुरुषाचे गुणगान करताना दारात वाट पाहत बसलेल्या बाईचा हिशेबही कोणीतरी मांडून ठेवावयास हवा.

पुढे कलकत्ता विद्यापीठात धर्मानंदांची सोय लागली होती. परंतु महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी या अटीवर बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याचा मोठा पगार सोडून त्यांनी ते पत्करले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अनेकदा पाचारण केले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला व कारावास भोगला. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार स्थापन केला.

अशा पित्याच्या पोटी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात दामोदरांचा जन्म झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. १९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा बाबा यांना त्यांनी बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावच्या शाळांतून मुलाचे शिक्षण झाले. मध्यंतरी काही काळ मायदेशी राहून १९२६ साली तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला व १९२९ साली तेथील सर्वोच्च श्रेणीची पदवी घेऊन बाहेर पडला. गणित हा मुख्य विषय. परंतु ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही या विद्यार्थ्याने आत्मसात केल्या होत्या. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या गणितज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. यंत्र आणि प्राणी या दोहोंतील नियंत्रण व संदेशवहन यांचे नवे शास्त्र ज्यांनी पुढे उभारले, तेच हे वीनर होत.

पदवी घेतल्यावर अमेरिकेत राहणे त्यांना अशक्य नव्हते. ते परत आले आणि १९२९ साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापन करू लागले. तेथून दोन वर्षांतच ते अलीगढला गेले. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात त्या वेळी आंद्रे वेय नावाचा केवळ पंचविशीतला फ्रेंच गणितज्ञ गणित विभागाचा प्रमुख होता, व त्याने गुणी तरुण तेथे जमविले होते. या वास्तव्यातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. एका सहकाऱ्याची जिरविण्यासाठी वेय यांच्या सूचनेवरून कोसंबी यांनी १९३१ साली एक लेख प्रसिद्ध केला व त्यातील सिद्धान्ताचे जनकत्व बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाला बहाल केले. पुढे काही वर्षांनी वेय व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव धारण करून गणिताची ग्रंथमाला लिहिली आणि ते नाव जगभर गाजले. गणिताच्या वाङ्मयात त्या नावाचा पहिला उल्लेख म्हणून कोसंबींच्या या लेखाकडे आज बोट दाखविले जाते. गंभीर माणसांचा विनोदही कधीकधी इतिहास घडवितो तो असा!

त्याच १९३१ साली मडगावकर घराण्यातील नलिनीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन कन्या झाल्या, माया व मीरा. १९३३ मध्ये ते पुण्यास आले आणि वडिलांनी जेथे पाली शिकविली होती त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ही नोकरी त्यांनी बारा वर्षे केली. स्वभाव तापट, बोलणे धारदार, आणि हलगर्जीपणा तर मुळीच खपत नसे, हे त्यांच्या स्नेह्यांनीही लपविलेले नाही.

याच बारा वर्षांत त्यांचे गणितातील उत्तमोत्तम कार्य झाले. वक्रमार्गांच्या भूमितीवरील त्यांच्या संशोधनाची दखल फ्रान्समधील एली कार्तां या श्रेष्ठ गणितज्ञाने घेतली. ही उपपत्ती आज कोसंबी, कार्तां व चर्न या तिघांच्या नावाने ओळखली जाते. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृतिपारितोषिक मिळाले. परंतु आमच्या तरुण वाचकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा लेख १९४३ सालचा आहे. सामान्य वाचकासही त्याचा आशय कळावा म्हणून आम्ही आमच्या भागातीलच उदाहरण घेतो. समजा, बाजारसमितीत कापसाच्या भावाचा वर्षभराचा आलेख काढला. ती रेघ वेडीवाकडी दिसेल. पन्नास वर्षांचे पन्नास आलेख मांडले तर पन्नास वेड्यावाकड्या रेघा दिसतील. कोसंबींनी असे दाखविले की, अशा सर्व रेघांच्या मुळाशी काही मोजके मूळ आकार शोधून काढता येतात. हे आकार एकमेकांपासून स्वतंत्र असतात व महत्त्वाच्या क्रमाने त्यांची मांडणी करता येते. पहिल्या आकारात सर्वांत अधिक माहिती असते, दुसऱ्यात त्याहून कमी, आणि पुढचे बहुतेक आकार गाळले तरी फारसे बिघडत नाही. फिनलंडमधील कार्हुनेन व फ्रान्समधील लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे हाच सिद्धान्त नंतर मांडला. पुष्कळ वर्षे तो त्या दोघांच्याच नावाने शिकविला जाई. अलीकडे मात्र कोसंबींचे नाव त्याच्या आरंभी जोडले जाते. छायाचित्रातील माहिती थोड्या जागेत साठविणे, चेहऱ्यावरून माणूस ओळखणे, गोंगाटातून आवाज वेगळा करणे, अशा अनेक कामी संगणकशास्त्रज्ञ ही रीत वापरतात. पुण्यातील एका महाविद्यालयीन शिक्षकाने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत आणि कोणतेही गणनयंत्र हाताशी नसताना हे लिहिले, ही गोष्ट आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावी.

लगेच पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र दिले. अमरावती ते तिवसा आणि तिवसा ते नागपूर ही अंतरे मिळविली की अमरावती ते नागपूर अंतर निघते. एकाच गुणसूत्रावरील जनुकांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. पिढी बदलताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून जनुकांमधील अंतर अजमावतात. परंतु दोन जनुकांच्या दरम्यान अदलाबदल दोनदा झाली, तर काहीच झाले नाही असे दिसते. शिवाय एके ठिकाणी झालेली अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीस अडथळा करते. या दोन्ही गोष्टी हिशेबात धरून खरे अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी बसविले. पिकांचे जनुकनकाशे काढणारे लोक ते आजही वापरतात. आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिप्रजनन शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास हे नाव पुस्तकात भेटले, तर ते गोव्याच्या एका मराठी लेखकाच्या मुलाचे आहे हे त्याला ठाऊक असावे.

संख्याशास्त्र त्यांनी पुस्तकातून शिकून तेथेच सोडले नाही. कशावर तरी हात चालवून पाहावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. यामागची युक्ती साधी पण विलक्षण आहे. टांकसाळीतून निघालेल्या नव्या नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. नाणे हातोहात फिरू लागले की झिजते. जितके अधिक वर्षे फिरले तितके हलके होते, आणि निरनिराळी नाणी कमीअधिक झिजल्यामुळे त्यांच्या वजनांतील फरकही वाढत जातो. तेव्हा एकाच ठेव्यात सापडलेली नाणी चिन्हांप्रमाणे वेगळी करून तोलली, तर कोणता गट आधीचा व कोणता नंतरचा हे ताजव्यावरून सांगता येईल. तक्षशिलेच्या ठेव्यांतील नाणी त्यांनी या रीतीने तपासली. आपली रीत बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी त्या काळी चलनात असलेली नाणीही हजारोंनी तोलून पाहिली. राजवंशांच्या वंशावळ्या पाठ करण्यास इतिहास समजणाऱ्या लोकांना हा उद्योग चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. आम्हांस तर यातच त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली सापडते. ऐकीव मोठेपणा त्यांनी कधी मानला नाही. वस्तू हाती घ्यावी आणि तोलावी.

संस्कृतातही त्यांनी हेच केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले; त्यांच्या सहवासात कोसंबींना पाठचिकित्सेची गोडी लागली. भर्तृहरीच्या नावावर चालणारे श्लोक नेमके किती व कोणते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. देशभरातून शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून त्यांनी सर्व परंपरांत सामान्यतः आढळणारे २०० श्लोक वेगळे काढले आणि बाकीचे त्यांच्या योग्यतेप्रमाणे निराळ्या गटांत ठेवले. ही आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्यासह त्यांनी संपादिलेला विद्याकराचा सुभाषितसंग्रह १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्याच ग्रंथमालेसाठी पूर्वी वडिलांनी श्रम केले होते.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून तेथे बोलाविले. येथून त्यांच्या आयुष्यातील सतरा वर्षांचा कालखंड सुरू होतो. संस्था मुंबईत, बिऱ्हाड पुण्यात. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मुंबईत घर केले असते किंवा आठवडाभर तेथे राहून रविवारी पुणे गाठले असते. कोसंबी डेक्कन क्वीनने सकाळी निघत आणि संध्याकाळी तिनेच परत येत. पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर. जाऊन येऊन दिवसाचे सहाहून अधिक तास गाडीत. लेखनवाचन तेथेच होई. भांडारकर संस्थेच्या रस्त्यावरील घर, पत्नी, मुली, पाळलेले कुत्रे, पुस्तके, आणि मागच्या टेकडीवरचे फिरणे, यांपासून रात्री दूर राहणे त्यांना मानवणारे नव्हते असे दिसते. ज्याच्या जन्माआधी वडील सात वर्षे घराबाहेर होते, त्या मुलाने मोठेपणी दररोज घरी परतण्याचा असा हट्ट धरावा, यात काही संगती आहे असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे. त्यांनी स्वतः तसे कोठे लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

या काळातील एकच प्रवास दीर्घ मुदतीचा झाला. विद्युत्‌गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन १९४८-४९ साली ते इंग्लंड व अमेरिकेस गेले. तो काळ मोठ्या मोक्याचा होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एनिॲक हे प्रचंड यंत्र १९४६ साली जगापुढे आले होते. कामाच्या सूचनाही आपल्या स्मृतीत साठवून ठेवणारे पहिले यंत्र जून १९४८ मध्ये मँचेस्टर येथे चालू झाले, आणि मे १९४९ मध्ये केंब्रिजचे यंत्र काम करू लागले. भारतात अशा प्रकारचे एकही यंत्र त्या वेळी नव्हते. याच दौऱ्यात त्यांनी शिकागो विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून भूमिती शिकविली व प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतही काही आठवडे काढले. त्यांच्या परतीनंतर काही वर्षांनी टाटा संस्थेत प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी देशी बनावटीचे गणनयंत्र बांधले. ते १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. त्या उभारणीचे श्रेय नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. ते कोसंबींच्या पदरात टाकण्याचा मोह आम्ही टाळतो. खरे सांगावयाचे तर तोवर त्यांचे चित्त दुसरीकडे वेधले होते.

येथे आमच्या वऱ्हाडाशी त्यांच्या घराण्याचा जो संबंध आला तो नमूद केला पाहिजे. तिवशाहून कौंडण्यपूर, आर्वी या वाटेने वर्धा नदी ओलांडून गेले की पुढे वर्धा व सेवाग्राम लागते. व्याधींनी जर्जर झालेल्या आचार्य धर्मानंदांनी आता या देहाचा उपयोग उरला नाही असे ठरवून अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये महात्माजींच्या सेवाग्राम आश्रमात शांतपणे देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले होते. गोव्याच्या बागायतीतून निघालेला हा पुरुष आमच्या नदीच्या पलीकडे विसावला.

पुत्राचे चित्त वेधले होते ते इतिहासाकडे. नाणी तोलता तोलता ती पाडणारा समाज कसा होता हा प्रश्न उभा राहिला, आणि उत्तरासाठी ते ग्रंथालयातून उठून पायी हिंडू लागले. शेंदूर फासलेले दगड, म्हसोबा, वेताळ, मावळाया, गावाबाहेरच्या देवी, धनगरांचे वाडे, टेकड्यांवर सापडणारी अश्मयुगातील बारीक हत्यारे, या सर्वांची त्यांनी टिपणे केली. ज्या जागी आज लोक नारळ फोडतात त्याच जागी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा वावर होता, हे ते हत्यारांच्या खुणांवरून दाखवीत. पंढरीच्या वारीविषयी त्यांचा निष्कर्ष आम्हां वैदर्भीयांस विशेष विचार करावयास लावणारा आहे. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीच्या मार्गाचा अभ्यास करून त्यांनी असे मांडले की, ज्ञानदेवांच्याही पूर्वी, शेतीच्याही पूर्वी, पाऊसपाण्याच्या मानाने गुरेमेंढ्या घेऊन हिंडणारे लोक याच वाटांनी जातयेत असावेत. आमच्या तालुक्यातील कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी दर आषाढीस पंढरपुरास जाते. ती वाट कोणी त्यांच्या डोळ्यांनी अजून पाहिली आहे काय? इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या तरुणांसाठी हे काम पडून आहे.

त्यांचा भारतीय इतिहासावरील मोठा प्रास्ताविक ग्रंथ १९५६ साली, पुराणकथा व वास्तव यांवरील निबंधसंग्रह १९६२ साली, आणि प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता वर्णन करणारा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. ते मार्क्सवादी होते. परंतु युरोपातील साचा आणून आपल्या इतिहासावर बसविणाऱ्या पोथीनिष्ठांवरही त्यांनी कोरडे ओढले. या ग्रंथांतून ब्राह्मणवर्गाची परीक्षाही त्यांनी त्याच ताजव्यात केली. रानटी टोळ्यांना नांगराची शेती व पंचांग शिकविण्याचे या वर्गाचे कार्य त्यांनी मान्य केले, आणि पुढे हाच वर्ग अंधश्रद्धेचा व विषमतेचा आधार झाला हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आमच्या वयोवृद्ध गृहस्थांस बोचते ते हेच. आमचे म्हणणे इतकेच की, नाण्याला वजन किती हे विचारताना त्यावर कोणाचे चिन्ह आहे याची भीड त्यांनी धरली नाही. आपल्या जन्मज्ञातीसही त्यांनी वेगळे माप लावले नाही.

या निःस्पृहतेची किंमत त्यांना मोजावी लागली. अणुशक्तीवर अफाट खर्च करण्यापेक्षा भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्यशक्तीचा विचार करावा, असे ते उघडपणे बोलत व लिहीत. अणुशक्तीचे धुरीणत्व डॉ. भाभांकडे होते, आणि कोसंबी त्यांच्याच संस्थेत प्राध्यापक होते. जागतिक शांतता चळवळीतील त्यांचा सहभागही कित्येकांच्या डोळ्यांत खुपत असे. एका बाबतीत मात्र दोष त्यांचाच होता. गणितातील अत्यंत अवघड असे रीमानचे अनुमान संख्याशास्त्राच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा त्यांनी केला आणि कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात १९५९ साली तो लेख छापला. सिद्धता टिकली नाही. तज्ज्ञांनी दोष दाखविले तरी त्यांनी माघार घेतली नाही, आणि गणितज्ञांत त्यांच्या कीर्तीस बाध आला. दुसऱ्याच्या पुराव्यात तसूभर ढिलाई न खपविणाऱ्या पुरुषाचे असे व्हावे ही खेदाची गोष्ट होय. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही.

पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली, डेक्कन क्वीनचा नित्याचा प्रवास संपला. लेखन थांबले नाही. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञाचे पद दिले, तेव्हा पुण्यातच काम करण्याची सोय झाली. सांधेदुखीने त्यांना पुष्कळ वर्षे छळले होते, तरी टेकडीवरचे हिंडणे चालूच होते. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे पुण्यातील राहत्या घरी निधन झाले. वय अठ्ठावन्न पुरे झाले होते, एकोणसाठावे चालू होते. डॉ. भाभा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८० साली त्यांना मरणोत्तर हरि ओम् आश्रम पुरस्कार दिला. जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारच्या टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांचे तिकीट काढले. परंतु आमच्या मते त्यांचे खरे श्राद्ध त्यांच्या घरातच झाले. धाकटी कन्या मीराताई समाजशास्त्रज्ञ झाल्या. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अध्ययनाच्या केंद्राच्या त्या संचालिका होत्या, आणि पंडिता रमाबाईंवरील त्यांचे संशोधन सर्वमान्य झाले. आजोबांनी मराठीत लिहिलेले आत्मचरित्र व निवडक लेख त्यांनी इंग्रजीत आणून २०१० साली प्रसिद्ध केले. त्यानंतर वडिलांविषयीचे व वडिलांचे लेखन एकत्र करून २०१२ साली दुसरा ग्रंथ सिद्ध केला. आजोबा व वडील या दोघांच्या लेखनाची निगराणी अशा रीतीने घरातल्या मुलीने केली. आरंभी ज्या बाळाबाईंचा आम्ही उल्लेख केला, त्यांची ही नात. मीराताईंचे निधन २०१५ साली पुण्यात झाले.